मदत हवी आहे : एनक्लेक्सच्या पुस्तकांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत

ट्यूटर_नाशिक
बी.एस्सी. नर्सिंगच्या चौथ्या वर्षाच्या मुलींना एनक्लेक्स या अमेरिकेच्या नर्सिंग परवाना परीक्षेची माहिती द्यायची आहे. कॉलेज रोडवर मिळालेल्या एका जुन्या पुस्तकात जास्तीत जास्त प्रश्न २६५, दुसऱ्यात १४५, झेरॉक्स नोट्समध्ये १३०. एका पिवळ्या पडलेल्या गाइडमध्ये तर दोन दिवसांची लेखी परीक्षा आणि पास व्हायला ३५० गुण! यातलं धरायचं काय? आणि आपल्याकडे पदवी झाली की नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते, मग तिकडे ही वेगळी परीक्षा कशाला?

इंजेक्शनरूम
चारही बरोबर आहेत, फक्त काळ वेगवेगळे. ३५० वालं गाइड एनक्लेक्सच्या आधीचं. १९४४ साली, युद्धात नर्सेसचा तुटवडा असताना, राज्यांनी आपापले पेपर सोडून प्रश्नांचा सामाईक साठा वापरायला सुरुवात केली. १९५० पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार असे पाच पेपर. १९८२ मध्ये एनक्लेक्स आली, विषयवार पेपर गेले. एप्रिल १९९४ पासून ती संगणकावर, ७५ ते २६५ प्रश्न. कोविडमध्ये काही महिने ६० ते १३०, मग ७५ ते १४५. एप्रिल २०२३ पासून ८५ ते १५०, वेळ पाच तास. मुलींना हेच सांगा.

ट्यूटर_नाशिक
धन्यवाद! ३५० म्हणजे कितीपैकी?

इंजेक्शनरूम
कितीपैकी नाहीच. सरासरी ५०० धरून गुण बसवलेले असायचे, म्हणजे तुमचा निकाल इतरांच्या तुलनेत लागायचा. १९८२ नंतर कामापुरती किमान पातळी आधी ठरवतात, बाकीच्यांनी काय केलं याच्याशी संबंध नाही. आता तर गुणच मिळत नाहीत, पास की नापास एवढंच.

वॉर्ड_नं_सात
एक भर. आकडे चुकले तर फार बिघडत नाही, गुण देण्याची जुनी पद्धत डोक्यात बसली तर बिघडतं. 'लागू असलेले सर्व पर्याय निवडा' या प्रश्नात आधी एक पर्याय चुकला की शून्य. आता बरोबरला अधिक एक, चुकीला उणे एक, बेरीज शून्याखाली जात नाही. सहापैकी चार पर्याय बरोबर आहेत आणि मुलीने तीन बरोबर, एक चुकीचा निवडला, तर मिळाले दोन. पण 'तीन पर्याय निवडा' असं नेमकं सांगितलं असेल तर चुकीला उणे नाही, तिथे तीनही निवडायचेच. जुन्या गाइडमधला 'खात्री नसेल तर कमी टिक करा' हा सल्ला तिथे थेट नुकसान करतो.
८५ व्या प्रश्नाला संगणक बंद पडला म्हणजे पास, हीसुद्धा अफवाच. उमेदवार पातळीच्या वर की खाली हे ९५ टक्के खात्रीने ठरलं की संगणक थांबतो, निकाल पास असो की नापास. त्या ८५ मधले १५ तर गुणात धरतच नाहीत, पण ते कुठले हे कळत नाही.

गोदाकाठ
तिकडे वेगळी परीक्षा कशाला, या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेत नोंदणीचा पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात झाला. तेव्हा प्रत्येक हॉस्पिटलची आपली शाळा, आपला अभ्यासक्रम, प्रमाणपत्रही आपलंच. त्यामुळे शाळेबाहेरच्या कोणीतरी तपासणं भाग होतं. इंग्लंडमध्ये कायदा १९१९ चा, पहिली सरकारी परीक्षा १९२५ ची.
आपल्याकडे मुंबई प्रांताचा नोंदणी कायदा १९३५ चा, सध्याचा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. मात्र बाहेरची तपासणी इथे अभ्यासक्रमातच आहे. बी.एस्सी.चा पेपर नाशिकच्या म्हसरूळमधल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, सगळ्या कॉलेजांना एकच, प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक. जीएनएमची (नर्सिंगच्या पदविकेची) परीक्षा राज्य मंडळाची. कौन्सिल निकाल आणि कागदपत्रं पाहून नोंद करतं.
माझ्या मते आपली खरी कच्ची बाजू वेगळी आहे : पेपर 'वर्णन करा' छापाचा, तिकडे मात्र चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल हे विचारतात. पाठांतरवाल्या मुली तिथेच अडकतात.

ट्यूटर_नाशिक
मग जुनी पुस्तकं रद्दीत?

वॉर्ड_नं_सात
नको, विषय वाचायला ठेवा. सराव प्रश्न मात्र २०२३ नंतरच्या आवृत्तीतलेच घ्या, ज्यात एकाच रुग्णावर सलग सहा प्रश्न असतात. परीक्षेत असे किमान तीन संच येतात.