चार एकरांच्या लेआऊटची नोंद नमुना 8 ला केव्हा घ्यावी?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य, नागपूर जिल्हा
गाव मनपा हद्दीबाहेर, पण एनएमआरडीएच्या (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) क्षेत्रात येते. चार एकर कपाशीच्या वावरात प्लॉट पडले आहेत. विकणारा म्हणतो, इसार झाला आहे, प्लॉटधारकांची नावे नमुना 8 ला चढवा. जमीन काळी, एका धुऱ्याला नाला. ग्रामपंचायतीने आधी काय पाहावे?

उत्तर 1: नगररचना
नावे आत्ता चढवू नका. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, त्यातून मालकी सिद्ध होत नाही आणि लेआऊटही मंजूर होत नाही. पण गिऱ्हाइकाला तोच कागद दाखवून प्लॉट विकले जातात.

मंजूर अभिन्यासाचा (लेआऊटचा) नकाशा मागा, तोही एनएमआरडीएचा शिक्का असलेला. तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी यांत गल्लत करू नका. अंतिम मंजुरी रस्ते, नाल्या, वीज वगैरे कामे झाल्यावर मिळते. चार एकर म्हणजे 16,187 चौ.मी. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 10 टक्के, म्हणजे सुमारे 1,619 चौ.मी. खुली जागा सुटली पाहिजे. आतला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर रुंद, त्यापुढे 300 मीटरपर्यंत 12 मीटर. नकाशावर 9 आणि जागेवर 6 हा प्रकार सर्रास चालतो, म्हणून टेप घेऊन जा.

उत्तर 2: भूमी अभिलेख
यात सगळ्यात जास्त फसगत कमी-जास्त पत्रकात, म्हणजे मोजणीप्रमाणे क्षेत्राची फोड दाखवणाऱ्या कागदात होते. मोजणीनंतर ते होऊन प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा आणि खुल्या जागेचा वेगळा सातबारा निघायला हवा. तो निघाला नाही तर रस्त्याचे क्षेत्र मूळ मालकाच्याच नावावर राहते. दहा वर्षांनी त्याचे वारस तोच तुकडा विकतात किंवा खुल्या जागेत प्लॉट पाडतात, आणि ग्रामपंचायतीकडे भांडायला कागदच नसतो. रस्ते व खुली जागा नोंदणीकृत दस्ताने ताब्यात घ्या, फेरफार मंजूर करून घ्या, मग नमुना 8.

जुन्या महसुली नोंदीत झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, असे लिहिले आहे का तेही पाहा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी हे फार महत्त्वाचे. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनजमीन मानल्या आहेत. निस्तार पत्रकही काढा, त्यात गावाच्या वाटा, चराई अशा सामाईक हक्कांची नोंद असते. पांदण किंवा गुरांची वाट लेआऊटखाली गेलेली सापडते.

उत्तर 3: स्थापत्य
काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता खचतो, कारण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. आधी अर्धा मीटर तरी काळी माती काढा, मग 15 ते 20 सें.मी.च्या थरांत मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा. दोन्ही बाजूंना नाली हवीच. नाला पाईपात कोंडू देऊ नका, वरच्या वावरांचे पाणी घरांत शिरेल.

संडासाचे पाणी हा खरा प्रश्न. शोषखड्ड्याच्या जागी खड्डा रात्रभर पाण्याने भिजवा, मग पाणी 25 मि.मी. उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. 30 मिनिटांहून जास्त लागली तर तिथे शोषखड्डा चालत नाही. काळ्या मातीत बहुधा असेच होते, आणि मैला नालीत सोडला जातो. तिथे सेप्टिक टँकनंतर फिल्टर किंवा सगळ्या लेआऊटची एकच मलप्रक्रिया हवी. हे प्लॉट विकण्याआधी ठरले पाहिजे, नंतर जागाच उरत नाही.

प्रश्नकर्ता
आणि ज्यांनी इसार दिला त्यांचे काय?

उत्तर 2: भूमी अभिलेख
जमीन 500 चौ.मी. पेक्षा जास्त आणि प्लॉट आठापेक्षा जास्त असतील तर जाहिरात किंवा बुकिंगआधी महारेराकडे (स्थावर मालमत्ता प्रकल्पांवरील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी लागते. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. त्यांना महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प क्रमांक शोधायला सांगा. सापडला नाही तर पुढचा हप्ता थांबवून पावत्यांसह तक्रार करावी, आणि ग्रामपंचायतीने एनएमआरडीएला खसरा क्रमांकासह लेखी कळवावे.