पार्किंगमधल्या फेऱ्या की टेकडी? डोकं शांत व्हायला खरंच फरक पडतो का?

मीठसाखर:
नमस्कार मंडळी. मी कोथरूडची, वय ४१. मागच्या वर्षी आई गेली. त्याआधी आठ महिने हॉस्पिटल, डबे, रिपोर्ट सगळं मीच बघत होते, ती गेल्यावर सगळे म्हणाले आता जरा आराम कर, तर आराम राहिला बाजूला, रात्री दोनला छातीत धडधडून जाग येते आणि मग तेच तेच सुरू, त्या दिवशी लवकर ॲडमिट केलं असतं तर, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर. सायकियाट्रिस्टकडे जातीये, गोळी सुरू आहे, धडधड बरीच कमी झालीये. डॉक्टर म्हणाले रोज चाला. म्हणून दीड महिना सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतीये, घड्याळात दहा हजार पावलं होतात पण डोक्यातलं थांबत नाही, फेऱ्या मारताना तर जास्तच येतं. बहीण म्हणते वेताळ टेकडीवर जा. खरंच फरक पडतो का हो? आणि एकटीने जायची भीती वाटते, तेही सांगते.

टेकडीकर:
ताई, आईचं वाचून वाईट वाटलं. आठ महिने एवढं केलंत तुम्ही.

फरक पडतो, पण लगेच नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरात दोन माणसं गेली, त्यानंतर मी कितीतरी महिने बाहेरच पडत नव्हतो. मित्र ओढून टेकडीवर न्यायचा. पहिले तीन आठवडे नुसता कानात इअरफोन घालून चढायचो नि उतरायचो, काही वाटायचं नाही. मग एकदा फोन घरी राहिला. ग्लिरिसिडियाच्या झाडाखाली सातभाई पक्ष्यांची टोळी पाचोळा उलटापालटा करत होती, केवढा कलकलाट, आणि मग त्यातले तिघं एका फांदीवर खेटून बसले आणि कडेचे दोघं मधल्याची मान चोचीने साफ करायला लागले, तो डोळे मिटून बसलेला. मी बघत उभा राहिलो. खाली उतरताना लक्षात आलं की तेवढा वेळ डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणून सांगतो, घड्याळ काढून ठेवा. पावलं मोजली की टेकडीचंही पार्किंगच होतं.

भीतीचं म्हणाल तर ती रास्त आहे. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने या, उजाडल्यावर, सातनंतर. रोजच्या बायकांचे ग्रुप असतात, दोन-तीन दिवस दिसलात की त्याच हाक मारतील. खाणीच्या पलीकडे आडवाटेला एकटीने नको आणि अंधार पडल्यावर तर नकोच.

समुपदेशक_नाशिक:
मीठसाखर, तुम्ही जे 'तेच तेच' म्हणताय ना, गाय रवंथ करते तसं मन करत राहतं. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३८ जणांवर एक प्रयोग केला होता, काहींना ९० मिनिटं झाडागवतातून चालवलं, काहींना वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. चालणं दोघांचंही झालं, पण हे रवंथ कमी झालं ते झाडागवतातून चाललेल्यांचं, आणि त्याच्याशी संबंधित मेंदूचा भागही त्यांच्यात शांत झालेला दिसला. प्रयोग लहान आहे, त्यावर फार मोठे दावे करू नयेत, पण तुमच्या पार्किंगच्या अनुभवाशी किती जुळतं बघा. पार्किंगमध्ये बघायला काही नसतं हो, मग मन आतच वळतं.

इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणारे जास्त बरे आढळले, एकदम घालवा नाहीतर तुकड्यातुकड्याने. आता बऱ्या असलेल्या माणसांनाच बाहेर पडावंसं वाटतं असंही असू शकतं, त्यामुळे १२० चा आकडा धरून बसू नका.

एक मात्र कळकळीने सांगते, बरं वाटायला लागलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. खूप जण इथेच चुकतात आणि मग दुप्पट त्रास होतो. टेकडी गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही. आणि रात्री दोनला अगदीच असह्य झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

लीड्सकर:
इथे इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, अशा वेळी लिंक वर्करकडे पाठवतात, ती बाई तुम्हाला चालणाऱ्या ग्रुपला जोडून देते. माझा इथला पहिला नोव्हेंबर फार वाईट गेला, चारला अंधार. कालव्याच्या काठाने दर शनिवारी सात-आठ जण चालायचे, कोणी काही विचारायचं नाही, शेजारून चालत राहायचे. समोरासमोर बसून मला बोलता आलंच नसतं, चालताना आपोआप बोलले. बहिणीला सोबत न्या ना.

मीठसाखर:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. रविवारी बहिणीबरोबर गेले, घड्याळ घरी ठेवलं. अर्धा वेळ रडलेच, ती काही बोलली नाही, नुसती बाटली पुढे करत होती. रात्री जाग आलीच पण धडधड नव्हती. आज परत गेलो. टेकडीकर, एक विचारायचं होतं, उतारावर एक झाड आहे, पान एकही नाही आणि पिवळीधमक मोठी मोठी फुलं, खाली पण सडा पडलेला, एक उचलून आणलंय, आईच्या फोटोपुढे ठेवलंय. कुठलं असेल?

टेकडीकर:
गणेर. सोनसावर पण म्हणतात. मार्चपर्यंत फुलेल अजून.