सोफ्याचं कापड: तुमचे अनुभव, खाचाखोचा इथे लिहा

सुईदोरा
सकाळी खालून पिंजाऱ्याची तार ऐकू आली, जुन्या गाद्या आठवल्या, म्हणून हा धागा. गणपतीच्या आधी निम्मी घरं सोफ्याला कापड बदलायला काढतात आणि दुकानात शिरल्या शिरल्या रंग बघतात. रंग शेवटी बघा, आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी विचारा.

सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच. समजा बसायची गादी २४ × २२ आणि जाडी ५ इंच. सगळीकडे अर्धा इंच शिवण धरली की तुकडा २५ × २३ होतो. एका पन्ह्यात शेजारी शेजारी दोन बसतात. तीन गाद्यांचे वरचे-खालचे मिळून सहा तुकडे, म्हणजे तीन ओळी, ६९ इंच. कडेच्या पट्ट्या ६ इंच रुंद, पन्हाभर लांब, दर गादीला दोन, त्यांचे ३६. एकूण १०५ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर.
आता गादी २७ रुंद असेल तर २८ दुणे ५६. पन्ह्यात बसत नाही! मग नुसत्या त्या सहा तुकड्यांनाच साडेतीन मीटर जातं. तीन इंचांचा फरक आणि तुकड्यांचं कापड दुप्पट.
बाकीच्यांनी भर घाला.

आडवा_धागा
तुकडा आडवा फिरवायचा की. २३ दुणे ४६, तीन ओळी २८ च्या, ८४ इंचांत काम. प्लेन कापडाला चालतं. पट्टे असतील तर मात्र आडवे येतात, आणि मखमलीला तर अजिबातच नको.

मनीची_आई
मखमलीला का नको???

आडवा_धागा
लव असते ना. हात एका बाजूने फिरवला की गुळगुळीत आणि उजळ, उलटा फिरवला की खरखरीत आणि गडद. एक तुकडा जरी फिरला तरी एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसतं. पाठीवर लव खाली, बैठकीवर पुढच्या कडेकडे. कापतानाच प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूने बाण काढायचा. कारागिराला फोनवर सांगून होत नाही, समोर उभं राहावं लागतं.

दापोलीकर
किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पीयू (पॉलियुरेथेन) लेदरेट घेऊच नये. वरचा पातळ थर दमट हवेने विघटतो आणि पापडीसारखा सुटतो. पुसून, क्रीम लावून काही होत नाही, कारण बिघाड आतून असतो. दुकानदार 'लेदर फिनिश' म्हणाला तर पीयू की पीव्हीसी ते विचारा. पीव्हीसी दमटपणाला टिकतं, पण उन्हाळ्यात पाठीला चिकटतं आणि वर्षांनी कडक होऊन तडकतं.

सुईदोरा
+१. आणि रेक्झिन शिवताना टाके बारीक नकोत. सुईच्या भोकांची रांग लागते आणि तिथूनच फाटतं, पोस्टाच्या तिकिटासारखं.

मनीची_आई
आमच्या मनीसाठी काय घ्यावं ते सांगा आधी. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत आहे इथे.

नारळी_पाक
शेनील नको, बुकलेही नको. जिथे धाग्याचा फास वर दिसतो तिथे नख अडकतं. घट्ट विणीचं मायक्रोफायबर किंवा आखूड लवेची मखमल घ्या, नख रोवायला जागा मिळत नाही. तरी सोफ्याशेजारी काथ्या गुंडाळलेला खांब ठेवाच. कापड कुठलंही असो, मांजर ते मांजरच.

मनीची_आई
हाहा. मनीला वाचून दाखवते.

बे_एरिया_काकू
इकडे अमेरिकेत कापडाच्या लेबलवर सफाईचं अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करा, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालतं, एक्स म्हणजे नुसता व्हॅक्यूम. पोरं असतील तर एक्स घरात आणू नका. तिकडे नमुन्याच्या पुस्तकात मार्टिनडेल आकडा (कापड किती घासणं सोसतं तो) असतो ना? रोजच्या वापराला २५,००० च्या पुढचा बघायचा. इथला वायझनबीकचा आकडा वेगळ्या चाचणीचा, त्याच्याशी तुलना करू नका.

आडवा_धागा
काकू, तो आकडा घासण्याचा. रंग विटणं, गोळे येणं, शिवण सरकणं यातलं काहीच त्यात कळत नाही. शिवणीसाठी दुकानातच बघता येतं: कापड दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून कडेजवळ ताणा. धागे सरकून जाळी दिसली तर तिथे उसवणार. तेच हवं असेल तर मागे कोटिंग असलेलं घ्या, शिवण अर्ध्याऐवजी पाऊण इंच सोडायला सांगा आणि दुहेरी टीप.

पुरणाची_वाटी
हळदीचा डाग पडला तर साबण लावू नका, लाल होतो. आधी कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका. खोळ निघत असेल तर धुऊन उन्हात घाला, हळदीचा पिवळा उन्हाने उडतो. आणि पाठीला जिथे डोकं टेकतं तिथे खोबरेल तेलाचा डाग ठरलेला, क्रोशाचे रुमाल उगाच नव्हते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मॅकॅसर नावाचं केसांचं तेल होतं, त्यावरून त्या रुमालांना अँटिमॅकॅसर म्हणत. आता क्रोशा कोण करतं?

नारळी_पाक
माझी सासू करते. ऑर्डर घेते हो!

पुरणाची_वाटी
विपु (विचारपूस) करा 😀

दापोलीकर
सुती खोळी करणार असाल तर कापड कापण्याआधी धुवा. तीन ते पाच टक्के आटतं. २५ इंचाचा तुकडा एक इंच आटला की गादी खोळीत जात नाही, आणि कोंबली की चेन जाते. पायपिंगची, म्हणजे कडेच्या गोटात घालायची सुती दोरीही भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात कड चुण्या धरते.

सुईदोरा
पायपिंग निघालंच आहे तर, पट्टी तिरकी कापा, दीड इंच. सरळ कापलेली कोपऱ्यावर वळत नाही, सुरकुतते. वर हिशेब केलेल्या तीन गाद्यांना दोन्ही कडा धरून १४ मीटर पायपिंग लागतं, त्याला पाऊण मीटर कापड वेगळं धरा.
मोठी फुलं असतील तर नमुना किती इंचांवर परत येतो ते टेपने मोजा. १४ इंचांवर येत असेल तर २३ च्या तुकड्याला २८ धरावे लागतात, पाच इंच वाया. हिशेब हातात असला की दुकानदार 'अठरा मीटर तरी लागेलच' म्हणत नाही.

मनीची_आई
शिट्ट्या झाल्या. दोरी भिजवायची हे लिहून ठेवलं. सासूबाईंच्या क्रोशाचा भाव काय?

नारळी_पाक
मांजराच्या घराला नाही देत त्या 😀