‘वाद’ म्हणजे भांडण कधीपासून?

चिकूमिल्कशेक: सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हटलं की लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसे तळमजल्यानेपण भरावेत, तर दुसऱ्या दिवशी एक काकू माझी खिरीची वाटी रिकामीच परत देऊन गेल्या आणि वर म्हणे, "मला तुझ्याशी वाद नाही घालायचा." अहो पण मी कुठे घातला? नुसतं वेगळं मत सांगितलं तरी तो वाद होतो का?

जुनंपुराणं: मुळात नाही होत. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत, वाद, जल्प, वितंडा. खरं काय ते शोधायला बोलायचं तो वाद, जिंकायलाच बोलायचं तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त मोडत बसायचं ती वितंडा. मराठीत वितंडा ‘वितंडवाद’ होऊन टिकली, जल्प बोलण्यातून गेलाच, आणि त्याचं सगळं ओझं बिचाऱ्या वादावर पडलं. आता ‘त्या भावाभावांत वाद आहे’ म्हटलं की बांध आणि कोर्टाच्या तारखाच डोळ्यांपुढे येतात, तत्त्वचर्चा नाही.

मिरचीठेचा: पटलं, पण राग का येतो ते ‘दावा’मध्ये जास्त दिसतं. अरबी-फारसीकडून आलेला शब्द, हक्क सांगणे. मराठीत त्याचाच अर्थ वैर झाला, ‘दावा साधला’ म्हणतो ना, आणि जुन्या मराठीत दावेदार म्हणजे चक्क शत्रू. म्हणजे कुणी वेगळं बोललं की हा आपल्या हिश्श्यातलं काहीतरी मागतोय असंच वाटतं. आगरकरांचं बघा, १८८२ला टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, मग सुधारणांवरून वितुष्ट, १८८७ला केसरी सोडला, १८८८ला सुधारक काढला. तोवर लेखाला लेखाने उत्तर चाललं होतं, पण पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. बालविवाह, विधवांचं केशवपन हे सगळं घरातलं, तिथे बोट लावलं की तो माणूस वेगळ्या मताचा उरत नाही, दावेदारच होतो.

जुनंपुराणं: तरी १८९५ला आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. मतभेद होते, पण दावा नाही म्हणता येणार. की म्हणाल?

चिकूमिल्कशेक: हक्काचंच म्हणताय तर एक सांगायचं राहिलं, काकू तळमजल्यावरच राहतात 😅