चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर डेंग्यू झाला, सिक लीव्हची अर्न्ड लीव्ह केली. काय करू?

उत्तर गोव्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नऊ वर्षे स्टाफ नर्स आहे, कायम नोकरीत. चवथीच्या चार दिवस आधी ताप भरला. आदल्या आठवड्यात तापाच्या पेशंटांचे रक्त मीच काढत होते. डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स ३८ हजारांवर, म्हापशाला खासगी हॉस्पिटलात चार दिवस सलाईन. घरी माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) कोणी बांधली तेही मला माहीत नाही.

एकूण १३ दिवसांची रजा. फिटनेस सर्टिफिकेट देऊन रुजू झाले आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह कम्युटेड लीव्हचा (आजारपणाची पूर्ण पगारी रजा, जिचे दुप्पट दिवस अर्ध्या पगाराच्या म्हणजे हाफ पे रजेतून कापतात) अर्ज केला. हाफ पे खात्यावर १३० दिवस पडून आहेत, त्यातले २६ जातील, हे मला मान्य आहे. पण ऑफिसात हसून म्हणाले, "सिस्टर, चवथीत सगळ्यांनाच ताप येतो." आता ऑर्डर आली ती १३ दिवस अर्न्ड लीव्हची. ती निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते, म्हणून मी जपून ठेवली होती.

चवथीला खोटे दाखले येतात, नाही म्हणत नाही. त्या दिवसांत डबल ड्युटी मीही केली आहे. पण माझा रिपोर्ट समोर असताना? आमची कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी तर पगार कापतील म्हणून अंगात ताप घेऊन, डोलो खाऊन लसीकरणाला बसते. तिला कोणी काही विचारत नाही.

रजेचा प्रकार असा परस्पर बदलता येतो का?

प्रतिसाद १
मी आस्थापना विभागातून निवृत्त. गोवा सरकारला केंद्राचे १९७२ चे रजा नियमच लागू आहेत. नियम ७ पाहा: रजा हा हक्क नव्हे, कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते. पण शिल्लक असलेली आणि मागितलेली रजा कोणत्या प्रकारची, हे तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. दाखल्याबद्दल शंका होती तर सरकारी डॉक्टरचे दुसरे मत तेव्हाच घ्यायचे. ताप उतरल्यावर काय तपासणार?
एकच सांगा, मधे कशावर सही केलीत का?

धागाकर्ती
केली हो. रुजू झाले त्या दिवशी क्लार्कने "फॉर्म नीट भरून ठेवतो" म्हणून कोऱ्या फॉर्मवर घेतली.

प्रतिसाद १
मग ते तीच लेखी विनंती म्हणून दाखवतील. तरी नियम १० आहे: रुजू झाल्यापासून ३० दिवसांत रजेचा प्रकार बदलून मागता येतो. मंजुरी त्यांच्या हातात, हक्काने मिळत नाही. पण तुमचा पहिला अर्ज आणि रिपोर्ट जोडलेत तर नकाराचे कारण लिहिताना त्यांना घाम फुटेल. अर्ज मिळाल्याचा इनवर्ड नंबर घ्या, तोंडी बोलू नका.

धागाकर्ती
आज २२ वा दिवस. उद्या दुपारपाळी आहे, सकाळीच जाऊन देते. झेरॉक्स दोन काढल्या.