शिकारीच्या बाणाचा फाळ किती रुंद हवा? मिशिगनचा नियम आणि न सापडलेली मादी

मचाणकर
मिशिगनमध्ये 1 ऑक्टोबरला धनुष्याचा हंगाम उघडतो आणि 15 नोव्हेंबरला बंदूकवाले उतरतात. मधले सहा आठवडे दर शनिवारी मी झाडावर बसलेला असतो. (आईला अजून 'ट्रेकिंग'च सांगितलंय.) गेल्या वर्षी अठरा यार्डांवरून एका व्हाइटटेल हरणाच्या मादीवर बाण सोडला. टोकाला मेकॅनिकल फाळ होता, म्हणजे मिटलेली पाती बाण लागल्यावर दोन इंच उघडणारा. नेम जरा पुढे गेला. बाण फऱ्याच्या हाडावर बसला, बोटभर आत शिरला आणि ती उसळून पळाली. रात्री दोनपर्यंत टॉर्च घेऊन माग काढला. आधी थेंब थेंब रक्त दिसत होतं, नंतर तेही दिसेना. सकाळी परत गेलो, पण नाही सापडली.

इथला फाळाबद्दलचा नियम असा: रुंदी किमान 7/8 इंच, म्हणजे जेमतेम 22 मिलिमीटर, आणि बाण किमान 14 इंच लांब. जास्तीत जास्त किती, याबद्दल चकार शब्द नाही. माझ्या धनुष्याचा ताण 45 पौंडांचाच आहे, खांद्याच्या दुखण्यापायी. माझा 400 ग्रेनचा (साधारण 26 ग्रॅम) बाण सेकंदाला 200 फुटांनी जातो, म्हणजे ऊर्जा फूट-पौंडात पस्तिसेक. त्यातली थोडी पाती उघडण्यातच खर्च होते, आणि उरलेल्या जोरावर दोन इंचांची चीर पाडत आत घुसायचं. कायद्याला हे चालतं. आणि पाऊण इंचाचा, वस्तऱ्यासारखा धारदार फिक्स्ड फाळ, म्हणजे पाती कायम उघडी असलेला, बेकायदा! माझं म्हणणं, कमी ताणाच्या धनुष्यांना मेकॅनिकल फाळ बंद करा.

सरळसोट
नेम तुझा चुकला आणि शिक्षा सगळ्यांना? फऱ्याच्या हाडावर कुठलाही फाळ नखरे करतो. मी पेनसिल्व्हेनियात 70 पौंडांवर मेकॅनिकल वापरतो. 420 ग्रेन, 270 फूट, म्हणजे 68 फूट-पौंड. तुझ्या जवळजवळ दुप्पट. फिक्स्ड पाती या वेगाला वारा धरतात, धनुष्य नीट ट्यून नसेल तर बाण भलतीकडे जातो. मेकॅनिकल मात्र सरावाच्या टोकासारखाच उडतो. जिथे बघतोय तिथे बाण जाणं हीच सगळ्यात मोठी दया.

आणि हरवलेल्या जनावराचं म्हणशील, तर मेरिलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावरच्या शिकारींची नोंद 1989 ते 2006 अशी आहे. बाण लागलेली हरणं 908, हाती आलेली 746. शंभरात अठरा गेलीच. वाईट वाटतं, पण म्हणून एका प्रकारच्या फाळाच्या नावाने खडे फोडायचे?

मचाणकर
अठरा टक्के हा तुला दिलासा वाटतो? मला तर त्या आकड्यानेच झोप लागत नाही.

पेठेतला प्रश्नकर्ता
22 मिलिमीटर की 51, हा वाद घालताय. मुळात मारायचंच कशाला? आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा, 1991 ची दुरुस्ती, शिकार बंद, विषय संपला. ब्रिटनमध्ये बंदुकीने हरीण मारता येतं, पण बाण सोडणं बेकायदा. जर्मनीतही तेच. त्यांना काही कळत नाही का?

कोलोरॅडोची काकू
प्रश्नकर्ते, प्रश्न रास्त आहे, पण वेगळा धागा काढा. इथे अमेरिकेत लांडगे संपवले, हरणं वाढली, आणि धनुष्यांवरचा 11 टक्के अबकारी कर वन्यजीवांच्याच खात्यात जातो. डेन्मार्कने तर 1999 मध्ये बाणाने रो हरणाची शिकार उघडली, नेमबाजीची परीक्षा घेऊन. सगळं युरोप एका माळेचं नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे धनुष्य किमान 35 पौंडांचं, फाळ 7/8 इंच, निदान दोन पोलादी धारा, आणि प्रत्येक धार आख्खी एकाच प्रतलात. म्हणजे पंख्यासारखी पिळलेली पाती बाद. मेकॅनिकल चालतात. मी 48 पौंडांवर एल्क (इथलं थोराड हरीण) मारते, दोन पात्यांचा अरुंद फिक्स्ड फाळ आणि 550 ग्रेनचा बाण. डॉ. एड अॅशबींनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नातालला बाण किती आत शिरतो याचे जे प्रयोग केले, त्यांचा रोख हाच आहे: बाण जड ठेवा, फाळ अरुंद. जाड हाडासाठी ते निदान 650 ग्रेन सांगतात. त्यामुळे मचाणकर, तुझं निदान बरोबर आहे.

पण औषध चुकलं. रानात वॉर्डन, म्हणजे शिकारनियम तपासणारा अधिकारी, भेटला तर तो पट्टीने फाळ मोजेल. क्वार्टरचं (पंचवीस सेंटचं) नाणं लावलं तरी अंदाज येतो, ते 24 मिलिमीटर असतं. धनुष्याचा ताण तिथे उभ्याउभ्या कोण मोजणार? वजनकाटा गळ्यात अडकवून फिरणार का तो? आणि धार तर कुणीच मोजत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नियमात नाहीच, कारण ती मोजता येत नाही.

सूत्रधार
अवांतर: मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात युद्धात 'कर्णी' बाण वापरू नयेत असं आहे. कर्णी म्हणजे उलट्या काट्यांचे, आत शिरले की बाहेर ओढताना मांस फाडणारे. आयडाहोच्या शिकारनियमात हेच भूमितीने लिहिलंय: फाळाची मागची कड दांड्याशी 90 अंशांपेक्षा कमी कोन करत असेल तर तो काटेरी, म्हणून बाद. मनूला कोनमापक नव्हता, एवढाच फरक.

सरळसोट
वा! आता मनूला पण मचाणावर बसवा. 😄

काकूंचं पटलं. आणि मचाणकर, तू 45 पौंडांवर दोन इंच लावलास तेव्हा दुकानात कुणी काही बोललं नाही?

मचाणकर
दुकानदार म्हणाला, "मोठी जखम, सोपा माग." पाकिटावरही तसंच काहीसं छापलं होतं. म्हणूनच म्हणतो, निदान पाकिटावर किमान ताण छापायची सक्ती करा. वॉर्डनला काही मोजावं लागणार नाही.

कोलोरॅडोची काकू
हे मात्र होण्यासारखं आहे. यंदा काय लावतोयस?

मचाणकर
दोन पात्यांचा फिक्स्ड, सव्वा इंच. काल रबर बँडची चाचणी केली. डब्यावर रबर बँड ताणून बसवायचा आणि फाळ नुसता टेकवून हलकेच ओढायचा, तुटला पाहिजे. नव्याकोऱ्या पाकिटातले तीन फाळ, दोन पास, एक नापास. तिघंही कायद्याने शिकारीला योग्य.

सरळसोट
घासायला बस मग. दगड आहे का घरी, का खोबऱ्याच्या विळीचा वापरणार?