आइस हॉकी: टू-वे (बचाव आणि चढाई दोन्ही सांभाळणारा) डिफेन्समन ड्राफ्टआधी जोखायचा कसा? गुण आधी की पाय आधी?

निळी_रेषा:
२०१६च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मोठी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं तरुण खेळाडू निवडतात तिथे, व्हँकुव्हरनं पाचव्या क्रमांकावर ओल्ली युओलेवी हा फिनिश डिफेन्समन उचलला. त्या मोसमात लंडन नाइट्स या कॅनडातल्या ज्युनिअर संघाकडून ५७ सामन्यांत ४२ गुण (गोल अधिक असिस्ट), वर्ल्ड ज्युनिअर्समध्ये (वीस वर्षांखालच्यांची विश्वस्पर्धा) ७ सामन्यांत ९ असिस्ट आणि वर सुवर्णपदक. शांत डोक्याचा, दोन्ही टोकांना भरवशाचा, अशी ख्याती. प्रत्यक्षात एनएचएलचे सामने खेळला ४१. लगेच पुढच्या क्रमांकावर त्याचाच संघसहकारी मॅथ्यू कचक गेला, नवव्यावर सर्गाचेव्ह, चौदाव्यावर मॅकअव्हॉय, दोघंही डिफेन्समन.

माझं मत: सतरा-अठराच्या डिफेन्समनचे गुण सगळ्यात शेवटी बघावेत. त्या नाइट्समध्ये मार्नर, ड्वोराक आणि कचक हे तिघंही शंभरीपार होते. अशांना निळ्या रेषेवरून (झोनच्या हद्दीवरून) साधा पास सरकवला तरी असिस्ट खात्यावर जमा.

आधी बघायचं ते हे. प्रतिस्पर्ध्यानं पक (खेळायची रबरी चकती) कोपऱ्यात फेकला की पोरगा वळून धावतो. वळताना एकदा आणि पकपासून दोन-तीन मीटरवर पुन्हा एकदा खांद्यावरून मागे बघतो का? पक हाती आल्यावरच मान वर करणारा ज्युनिअरमध्ये निभावून जातो, कारण तिथे फोरचेक करणारा (पक हिसकायला अंगावर येणारा) अर्धा सेकंद उशिरा पोचतो. एनएचएलमध्ये तो अर्धा सेकंद मिळत नाही. मग पक बोर्डला (रिंकच्या कठड्याला) लावून आंधळेपणानं पुढे भिरकावला जातो, विंगरच्या (कडेच्या आक्रमकाच्या) पाठीवर आधीच माणूस असतो आणि पक पुन्हा आपल्याच झोनमध्ये.

आकडेमोड:
साफ असहमत. खांदे किती वेळा वळले ते मोजणारे स्काउट दरवर्षी चुकतात. गुण टाकून देऊ नका, फोडून बघा. पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बसलेला असतानाचे) वेगळे काढा. पाच-विरुद्ध-पाचमध्ये पहिले असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) किती, दुसरे (त्याच्याही आधीचा) किती ते लिहा. दुसऱ्या असिस्टमध्ये नशिबाचा वाटा मोठा, एका मोसमातून दुसऱ्यात तो टिकत नाही. एवढं केलं तरी ४२चा फुगा बराच खाली येतो, त्यासाठी दहा सामन्यांचे व्हिडिओ लागत नाहीत.

शिवाय ज्युनिअरमध्ये पक हलवता न येणारा पोरगा वर जाऊन अचानक हलवू लागला, असं क्वचित घडतं. बचावातली जागा, काठीची दिशा शिकवता येते. नजर शिकवता येत नाही.

कोपरा_क्र_४:
युओलेवीचं उदाहरणच चुकीचं घेतलंय. २०१८मध्ये पाठीची शस्त्रक्रिया, त्याच वर्षी पुढे गुडघ्याची. ज्याचं सगळं भांडवल पाय आणि वळण, त्याचा तो बहुतेक मोसम गेला. निकालावरून निवड जोखणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. न्याय करायचा तर जून २०१६मध्ये काय दिसत होतं त्यावर करा.

२०१२ घ्या ना. ग्रिफिन राइनहार्ट चौथा, जेकब स्लाविन १२०वा. राइनहार्ट ३७ सामन्यांत संपला, स्लाविन कॅरोलायनाच्या बचावाचा कणा. स्लाविनचं खातं कधीच गुणांवर चाललं नाही, आकडेमोड यांनी नोंद घ्यावी.

निळी_रेषा:
जून २०१६चंच म्हणतोय. पकसोबत तो छान दिसायचा, पण प्रश्न पक नसतानाचा होता. बचावात गॅप (चढाई करणाऱ्यापासूनचं अंतर) मोजायला व्हिडिओ दोन जागी थांबवावा: मधल्या लाल रेषेवर अंतर साधारण दोन काठ्यांचं चालतं, स्वतःच्या निळ्या रेषेवर एक काठी. तिथे तीन काठ्या सुटत असतील तर पोराचा स्वतःच्या उलट्या स्केटिंगच्या वेगावर विश्वास नाही. तो लवकर वळतो, रेषा फुकट देतो. आणि एकाच बाजूला लवकर वळत असेल तर त्या बाजूचं वळण कच्चं आहे.

सामने निवडतानाही अक्कल लागते. खेळ थांबल्यावर खेळाडू-बदल शेवटी करायचा हक्क यजमान प्रशिक्षकाचा. म्हणून घरच्या सामन्यात बघा, तो याला समोरच्या पहिल्या फळीवर सोडतो की तिच्यापासून लपवतो? 'टू-वे'वर प्रशिक्षकाचा किती विश्वास आहे ते तिथेच कळतं. सलग तीन दिवसांतला तिसरा सामनाही जरूर बघावा, थकलेले पाय लपत नाहीत.

आकडेमोड:
आणि मोरित्झ सायडर? २०१९ला डेट्रॉइटनं सहावा घेतला तेव्हा सगळे चक्रावले. मानहाइमकडून जर्मन लीगमध्ये २९ सामने, ६ गुण. तुमच्या बाजूनं वापराल म्हणून मीच मांडतो. हा आकडा कमी नाहीच! सतरा वर्षांचा पोरगा, समोर सगळे मोठे पुरुष, संघ त्या मोसमाचा विजेता, पॉवर प्ले त्याच्या वाट्याला जवळपास नाही. लीग आणि वय धरून भागाकार करा. पुढे स्वीडनमध्ये ४१ सामन्यांत २८, आणि २०२१-२२ला एनएचएलमध्ये ८२ सामन्यांत ५० गुण, कॅल्डर ट्रॉफीसकट (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार).

कोपरा_क्र_४:
भागाकारात मैदान कुठे धरलं? जर्मनीत रिंक ३० मीटर रुंद, एनएचएलची २६ला थोडी कमी. रुंद बर्फावर डिफेन्समनला जादा वेळ मिळतो, पण विंगरला बोर्डकडे ढकलायला अंतरही जास्त कापावं लागतं. म्हणजे युरोपातून येणाऱ्याचा बचाव अरुंद बर्फावर सुधारूही शकतो, पास मात्र घाईचे होतात. सायडर १.९३ मीटर उंच, लांब पोहोच, त्यामुळे गल्ली अरुंद झाल्याचा त्याला फायदाच झाला. पाच फूट अकराच्या पोराला हेच गणित लावू नका.

निळी_रेषा:
शिवाय तो उजव्या हाताचा. उजव्या बाजूला बोर्डजवळचा पक फोरहँडवर घेता येतो, डावखुऱ्याला तिथे बॅकहँड वापरावा लागतो आणि पहिला पास तिथेच अडतो. उजवे डिफेन्समन मोजकेच, म्हणून सारख्या पोरांत त्यांना चार-पाच जागा वर घेतात.

आकडेमोड:
चार-पाच? पहिल्या दहांत एक जागा, फार तर दोन. तिसऱ्या फेरीत हवं तर पाच द्या.